पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : संप्रेरक-उपचार घेणाऱ्या रुग्णाचे दैनंदिन जीवन

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, पांडेसरा व उधना या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी बमरोली ही वस्ती आहे. यंत्रमागांचे कारखाने, त्यांच्या भोवतीच्या चाळी आणि त्यांत राहणारी, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे, असे या परिसराचे एक परिचित रूप आहे. उधन्याहून सुटणारी गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावास पोचते, आणि या लोहमार्गाने आखाजीला व दिवाळीला माणसांचे लोंढेच्या लोंढे खानदेशात येतात. पंचविशीत मागावर उभे राहिलेले अनेक कामगार आज साठी-सत्तरीत आहेत. कोणी मुलाजवळ बमरोलीतच राहतो, कोणी रखवालदारी करतो, कोणी वर्षातील काही महिने गावी शेतावर काढतो. पुरुषांना उतारवयात होणाऱ्या ज्या थोड्या व्याधींविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही, त्यांपैकी एक म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजेच प्रोस्टेटचा कर्करोग. तिच्यावरील उपचार सुरतेत सुरू होतो व त्याचे परिणाम पुष्कळदा गावच्या ओट्यावर सोसावे लागतात. म्हणून या विषयाची माहिती दोन्हीकडच्या कुटुंबांना, तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

या रोगातील एक विलक्षण गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रोग पसरलेला असला तरी संप्रेरक-उपचाराने बहुतेक रुग्णांना लवकर आराम पडतो. कमरेचे दुखणे ओसरते, लघवीची अडचण कमी होते, भूक लागू लागते. रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. नेमक्या त्याच सुमारास अंगातून वाफा निघणे, थकवा, छातीस सूज, कामेच्छा नाहीशी होणे इत्यादी परिणाम दिसू लागतात. रोगाचा त्रास थांबलेला आणि औषधाचा त्रास सुरू झालेला, अशा अवस्थेत पुढच्या इंजेक्शनची तारीख टाळण्याचा मोह कोणासही होईल. रुग्ण कारण सांगत नाही. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ एवढेच म्हणतो. हे मौन रोगाच्या पथ्यावर पडते.

ग्रंथी व तिचे पोषण

पुरःस्थ ग्रंथी ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीस वेढून असणारी, निरोगी तरुणात साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिची वाढ व कार्य पौरुषजन नावाच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. त्यांतील मुख्य म्हणजे टेस्टोस्टेरॉन. नव्वद टक्क्यांहून अधिक टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होते व उरलेला अल्प अंश मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींपासून येतो. या ग्रंथीत उद्भवलेला कर्करोगही बहुधा याच संप्रेरकावर पोसला जातो. पिकाचे पाणी तोडले की तणही वाळते, तसा काहीसा हा प्रकार आहे. मात्र तणाबरोबर पिकाचीही हानी होते, आणि या लेखाचा विषय तीच हानी आहे.

शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे प्रथम सिद्ध केले. वृषणे काढून टाकल्यास अथवा स्त्री-संप्रेरक दिल्यास पसरलेल्या कर्करोगाचेही रुग्ण सुधारतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. कर्करोगावर शस्त्र व किरण यांखेरीज तिसरा मार्ग असू शकतो हे त्यातून स्पष्ट झाले. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. योगायोग असा की मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयही १९४१ सालीच सुरू झाले.

स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या पुढे अनेक वर्षे वापरात होत्या. परंतु मोठ्या मात्रेत त्या घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकार व रक्ताच्या गुठळ्या यांमुळे होणारे मृत्यू वाढतात, असे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासांतून आढळले व त्यांचा वापर मागे पडला. दरम्यान अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या व रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या मेंदूंपासून, वृषणांना आज्ञा पोचविणाऱ्या साखळीतील आद्य संप्रेरक वेगळे केले. त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधातूनच आज दिली जाणारी इंजेक्शने निर्माण झाली.

उपचाराचे प्रकार

पहिला प्रकार शस्त्रक्रियेचा. दोन्ही वृषणे काढून टाकली असता टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण एका दिवसाच्या आत खाली येते. शस्त्रक्रिया लहान असून एकदाच करावी लागते, खर्च कमी येतो आणि पुढे तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. केवळ आतील ऊतक काढून बाहेरचे आवरण राखण्याचीही पद्धत आहे. दूरच्या गावी राहणाऱ्या व मजुरी बुडविणे न परवडणाऱ्या रुग्णास हा मार्ग सोयीचा असू शकतो. तथापि तो परत फिरविता येत नाही, आणि बैलाशी होणाऱ्या तुलनेच्या भयाने अनेक पुरुष त्यास नकार देतात. त्या भयाची थट्टा करणे योग्य नाही. दुसरीकडे, स्वस्त आहे एवढ्याच कारणाने रुग्णाची संमती गृहीत धरणेही तितकेच अयोग्य. पत्नीसमक्ष व सावकाश बोलून निर्णय घेऊ द्यावा.

दुसरा प्रकार इंजेक्शनांचा. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही त्यांतील प्रचलित नावे असून ती महिन्याने, तीन महिन्यांनी अथवा सहा महिन्यांनी द्यावयाच्या स्वरूपांत मिळतात. त्यांची रीत थोडी उलटी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीस ती सतत चेतवितात. आरंभीचा आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन वाढते, मग पोष ग्रंथी जणू थकून प्रतिसाद देणे सोडते आणि तीन-चार आठवड्यांत संप्रेरक खाली येते. आरंभीच्या या उसळीने हाडांतील वेदना वाढू नये अथवा मूत्रमार्ग तुंबू नये म्हणून पहिल्या इंजेक्शनाच्या मागेपुढे काही दिवस बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या देतात. त्या ‘जादा’ समजून टाकून देऊ नयेत. डेगारेलिक्स हे औषध अशी उसळी न येऊ देता काही दिवसांतच परिणाम करते. ते दर महिन्यास घ्यावे लागते.

तिसरा प्रकार गोळ्यांचा. अबिराटेरॉन हे २०११ पासून व एन्झाल्युटामाइड हे २०१२ पासून जगात प्रचारात आले. आता ती पुष्कळ रुग्णांना इंजेक्शनाच्या जोडीने देतात. अबिराटेरॉनने रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम कमी होते, पायांस सूज येते, आणि म्हणून तिच्याबरोबर प्रेडनिसोलोनची गोळी असते. ही प्रेडनिसोलोनची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. अबिराटेरॉन उपाशीपोटी घ्यावयाची की न्याहारीबरोबर, हेही लेखी विचारून घ्यावे. अन्नाबरोबर ती कितीतरी अधिक शोषली जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या एका लहान अभ्यासात, हलक्या न्याहारीसह २५० मिलीग्रॅम आणि उपाशीपोटी १,००० मिलीग्रॅम यांचा पीएसए या रक्तातील निर्देशकावरील परिणाम तुल्य आढळला. हा आधार घेऊन काही तज्ज्ञ अल्प मात्रा देतात व खर्च पुष्कळ वाचतो. परंतु शेजारच्या रुग्णाचे पाहून स्वतःची मात्रा घटविणे अथवा पूर्ण मात्रा जेवणानंतर घेणे, दोन्ही घातक ठरू शकते.

परिणाम इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की हा उपचार घेणारे रुग्ण दीर्घकाळ जगतात. टाटा स्मारक रुग्णालयात २०११ ते २०१७ या काळात, रोग पसरलेला नसला तरी बळावलेला होता अशा २२४ रुग्णांवर किरणोपचाराच्या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. सर्वांना किमान दोन वर्षे संप्रेरक-उपचार होता. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत पाच वर्षांनंतर नव्वद टक्के वा अधिक रुग्ण हयात होते. इतकी वर्षे ज्यास जगावयाचे आहे, त्याने हाडे, हृदय व संसार यांची काळजी नंतर पाहू म्हणून चालत नाही.

अंगातून वाफा

सर्वाधिक आढळणारी तक्रार ही. एकाएकी चेहरा, मान व छाती तापल्यासारखी होते, घाम फुटतो, काही मिनिटांत ते ओसरते व मग थंडी वाजते. दिवसातून दोन-चार वेळा ते तासातासाला, असे कसेही घडते. रात्री अंथरूण भिजून झोप मोडते. टेस्टोस्टेरॉन घटल्याने मेंदूतील तापमान राखणारे केंद्र अतिसंवेदनशील होते आणि किंचित उष्णतेसही शरीर अतिरेकी प्रतिसाद देते, हे त्याचे कारण. हा ताप नव्हे, हिवतापही नव्हे. मात्र थर्मामीटरने खरोखरच ताप आढळल्यास तो निराळा समजून तपासणी करावी.

घरातील स्त्रीला हा अनुभव परका नसतो. पाळी जाण्याच्या वयात तिने हेच सोसलेले असते, आणि पुष्कळदा कोणास न सांगता. पतीस काय होते आहे ते तिला सर्वांत आधी उमजू शकते. पुरुषाने आयुष्यात प्रथमच या बाबतीत पत्नीचा सल्ला घ्यावा, असा हा प्रसंग म्हणावा लागेल.

यंत्रमागाच्या शेडमध्ये हवा कोंदट व दमट असते. तेथे अजून काम करणाऱ्या अथवा रखवालीस बसणाऱ्या रुग्णाने दाराजवळची जागा मागून घ्यावी, सुती सैल कपडे वापरावे, टेरिकॉटचा सदरा टाळावा, ओला पंचा व पाणी जवळ ठेवावे. रात्री जाड गोधडीऐवजी पातळ दोन पांघरुणे घेतल्यास एक काढता येते. कोणत्या गोष्टीने वाफ उठते याची आठवडाभर नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. कडक ऊन चहा, मद्य आणि खानदेशी तिखट रस्सा ही नेहमीची कारणे आढळतात. शेवभाजी कायमची सोडावी असे नाही, पण रात्रीच्या जेवणातून ती दुपारच्या जेवणात आणावी. इतक्याने भागले नाही तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, व्हेनलाफॅक्सिन अथवा गॅबापेन्टिन यांसारखी औषधे तज्ज्ञ देऊ शकतात. प्रत्येकाचे स्वतःचे दोष आहेत, म्हणून ती दुकानातून परस्पर घेण्याची नव्हेत.

हाडे, स्नायू व आहार

वाफांचा त्रास जाणवतो, हाडांची झीज जाणवत नाही. हाडांचा घट्टपणा राखण्यात पुरुषाच्या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. ते काढून घेतल्यावर, विशेषतः पहिल्या वर्षात, हाडांची घनता नेहमीच्या वयोमानापेक्षा कितीतरी वेगाने उतरते. अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर पाच वर्षे हयात असलेल्यांपैकी, संप्रेरक-उपचार घेतलेल्यांत १९.४ टक्क्यांना अस्थिभंग झाला होता. न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होते. सत्तरीत मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, हे खेड्यातील प्रत्येक घरास ठाऊक आहे.

म्हणून दीर्घ उपचाराच्या आरंभीच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी शक्य तेथे करून घ्यावी. आहारातून व गरजेप्रमाणे गोळ्यांतून मिळून रोज १,००० ते १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम जावे, आणि ड जीवनसत्त्वाची उणीव असल्यास ती भरून काढावी. बारा-बारा तासांच्या पाळीत छताखाली आयुष्य गेलेल्या कामगारास ऊन फारसे लाभलेले नसते, हे येथे विसरू नये. नागली हे धान्य या बाबतीत बहुमोल आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असते. गावाकडे ती गरिबाचे अन्न म्हणून मागे पडली आणि शहरात महाग पाकिटांतून विकली जाते, हा काळाचा विनोद. तीळ, दूध, ताक हेही उपयुक्त. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी घटत्या स्नायूंना प्रथिने पुरविते. तंबाखू, मिसरी व दारू हाडांच्या शत्रू आहेत.

ज्यांची हाडे आधीच क्षीण आहेत त्यांना झोलेड्रोनिक आम्ल अथवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने देतात. तत्पूर्वी दात तपासून, काढावयाचे दात काढून घेतले पाहिजेत, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड मृत होऊन जखम भरत नाही. तंबाखूने दात किडलेल्या आपल्या रुग्णांत ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते, आणि घाईत तीच राहून जाते. डेनोसुमॅब मधेच सोडल्यास हाडांची झीज झपाट्याने उलटते, म्हणून त्याचीही तारीख चुकवू नये.

स्नायू घटतात, पोटावर चरबी चढते, हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरते. थकवा येतो तो यांतून. विश्रांतीने तो जाईल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण अनुभव उलट आहे. बारा आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, चालण्यासह स्नायूंवर भार पडेल असा व्यायाम केल्याने थकवा कमी होऊन जीवन सुसह्य होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे व परदेशातील शासकीय मार्गदर्शिकांतूनही तीच शिफारस केली जाते. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीस हात लावून दंड काढणे, जिना चढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने आरंभ करता येतो. कर्करोग कण्यात वा कमरेच्या हाडात पोचला असल्यास मात्र कोणते ओझे चालेल ते आधी विचारावे. पोती उचलणे, खांद्यावर मागाचा बीम घेणे अशांना सर्वस्वी मनाई समजावी. हिमोग्लोबिनचे उतरणे उपचाराचाच भाग असू शकते. लोहाची उणीव तपासून न पाहता लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने खाण्यात अर्थ नाही.

साखर व हृदय यांविषयी थोडक्यात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ७३,१९६ रुग्णांच्या अभ्यासात, ही इंजेक्शने घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक आढळला, हृदयविकाराचा धोकाही काहीसा वाढलेला दिसला, आणि २०१० साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने औषधांच्या वेष्टनावर तसा इशारा छापावयास लावला. मधुमेहाचे प्रमाण मुळातच मोठे असलेल्या आपल्या समाजात वजन, रक्तदाब, साखर व चरबी यांची तपासणी उपचारापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने व्हावयास हवी. ज्यास पूर्वी हृदयाचा झटका आला असेल त्याने ते प्रथम भेटीतच सांगावे. औषधाची निवड त्यावर अवलंबून राहू शकते.

पतिपत्नी

कामेच्छा मंदावणे, ताठरता न येणे, वृषणे लहान होणे, हे परिणाम जवळजवळ सर्वांना होतात. छातीस दुखरी सूज येते. बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या एकट्या घेणाऱ्यांत ती विशेष दिसते, आणि आरंभीच किरणांची लहान मात्रा अथवा टॅमॉक्सिफेन देऊन ती पुष्कळ अंशी टाळता येते. सूज पूर्ण वाढल्यावर मात्र औषधाने फारशी उतरत नाही. म्हणून लाजेने वर्षभर सदरा सैल करीत राहण्यापेक्षा पहिल्या दुखऱ्या दिवशीच सांगणे शहाणपणाचे. अंगावरील केस विरळ होतात. आवाज मात्र बदलत नाही. पुरुषाची बाई होते हा लोकप्रवाद निराधार आहे.

चाळीतील एका खोलीत, मुलासुनेसह राहणाऱ्या वृद्ध दांपत्यास या विषयावर बोलावयास आडोसाही नसतो. बाह्यरुग्ण विभागात बहुधा मुलगा सोबत असतो व त्याच्यादेखत बाप हे बोलत नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटे मुलास बाहेर बसविले तरी पुष्कळ काम होते. पत्नीस कारण ठाऊक नसेल तर पती आपल्यावर रुसला आहे, अथवा त्याचे मन अन्यत्र आहे, असा गैरसमज ती करून घेऊ शकते. इच्छा गेली म्हणजे माया गेली असे नव्हे, हे औषधाच्या माहितीइतकेच स्पष्टपणे दोघांना सांगितले गेले पाहिजे. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी औषधे काहींना उपयोगी पडतात, परंतु ती इच्छा निर्माण करीत नाहीत, आणि छातीत दुखण्यावर नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यास ती प्राणघातक ठरू शकतात.

रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ परत आणून देण्याच्या जाहिराती रंगविलेल्या असतात. या रुग्णांनी त्यांपासून सर्वथा दूर राहावे. अशा चूर्ण-गोळ्यांत टेस्टोस्टेरॉन अथवा तत्सम द्रव्य मिसळलेले असल्यास ज्या आगीचे इंधन महत्प्रयासाने तोडले, तिच्यात पुन्हा तेल ओतल्यासारखे होते.

मनावरील परिणामही औषधाचाच भाग असू शकतो. कारणावाचून रडू येणे, चिडणे, उदास बसून राहणे, शब्द न आठवणे असे घडते. ज्याने चाळीस वर्षे घर चालविले तो माणूस बातम्या ऐकता ऐकता डोळे पुसू लागला की घरचे लोक गोंधळतात. ‘म्हातारपण’ म्हणून ते सोडून देऊ नये. उपचार आहेत. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य असून ती मराठी व गुजराती या दोन्ही भाषांतून मिळते. जगणे नकोसे झाल्याचे बोलणाऱ्या रुग्णास एकटे ठेवू नये व त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

तारखा, कागद व दोन राज्ये

इंजेक्शनाचा परिणाम मुदतीनंतर ओसरू लागतो आणि टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढू शकते. तीन महिन्यांचे इंजेक्शन आखाजीच्या आठवड्यात येते, रुग्ण गावी असतो, पुढे लग्नसराई, मग पेरणी, आणि परतेपर्यंत पावसाळा अर्धा होतो. ही खानदेश-सुरत वाटेवरची सर्वांत संभाव्य चूक आहे. तारीख गावच्या मुक्कामात पडत असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. क्वचित मुदतीची फेररचना करता येते किंवा सहा महिन्यांचे इंजेक्शन देता येते. न जमल्यास धुळे, जळगाव व नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. औषध सोबत न्यावयाचे झाल्यास वेष्टनावरील साठवणीची सूचना वाचावी. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डब्यातील उष्णता काही औषधांना मानवणारी नसते.

सुरतेतील नवीन सिव्हिल रुग्णालय अथवा महापालिकेचे स्मिमेर रुग्णालय येथून मिळालेले कागद गुजराती वा इंग्रजीत असतात. गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिल्याची व पुढील तारीख आणि शेवटचा पीएसए एवढ्या पाच गोष्टी कळल्या तरी पुरे. बमरोली-उधना भागातील मराठी शाळांचे शिक्षक अथवा गावातील शिक्षक हे पाच मुद्दे एका वहीत मराठीत उतरवून देऊ शकतात. ही वही आणि सर्व कागदांची छायाप्रत गावी, मूळ प्रत सुरतेस, अशी विभागणी सोयीची पडते.

काही रुग्णांत, पीएसए समाधानकारक उतरल्यावर, तज्ज्ञ काही काळ इंजेक्शने थांबवून पुन्हा सुरू करण्याची खंडित पद्धती स्वीकारतात. त्या काळात वाफा व थकवा कमी होतात. किरणोपचाराबरोबर केवळ काही महिने उपचार असेल तर त्यानंतर संप्रेरक हळूहळू परतते. वृद्धांत त्यास वर्षही लागते व क्वचित ते पूर्ण परतत नाही. त्रास असह्य झाल्याचे सांगणाऱ्या रुग्णास हे मार्ग उपलब्ध होऊ शकतात. न सांगता गैरहजर राहणाऱ्यास ते मिळत नाहीत.

खर्चाच्या बाबतीत, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड अन्य राज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, या योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले आहे. या रोगाचे वय पाहता ही तरतूद पुष्कळांना लागू पडते. कोणते इंजेक्शन वा शस्त्रक्रिया यादीत आहे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरतीपूर्वी पाहून घ्यावे. कर्करोगाच्या रुग्णास व सोबतच्या एका व्यक्तीस उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयाकडून भरून घ्यावे लागते.

शेवटी, जी लक्षणे औषधाचा नेहमीचा परिणाम समजून घरी सोसावयाची नाहीत ती अशी. पाठीत नव्याने व सतत वाढणारे दुखणे, पायांतील शक्ती जाणे अथवा बधिरता, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, ही कण्यातील मज्जारज्जू दाबला जात असल्याची चिन्हे असू शकतात. रुग्ण गावी असो वा बमरोलीत, त्यास आडवे ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचवावे. पाय पूर्ण लुळे पडण्यापूर्वी उपचार झाल्यास चालणे बहुधा टिकते. लघवी पूर्ण तुंबणे, छातीत दुखणे, एका पोटरीस एकाएकी सूज येणे यांसही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत आहे.